इंजिन बदलले, पाईप जुनेच: ट्रकमधील डिझेलगळतीचा शोध

ट्रकचे इंजिन बदलल्यावर पहिल्या काही दिवसांत दिसणारी डिझेलगळती बहुतेक वेळा इंजिनाची नसते, सांध्यांची असते. इंजिन उतरवताना टाकीपासून नोझलपर्यंतच्या वाटेवरचे अनेक सांधे सुटतात, वर्षानुवर्षे न हललेले रबरी होज ओढले आणि वाकवले जातात, आणि दुसरे इंजिन बसल्यावर हे सगळे पुन्हा जोडले जाते. जोडणाऱ्याचे लक्ष क्लच, माउंटिंग, रेडिएटर आणि टायमिंगकडे असते. डिझेलचे पाईप अगदी शेवटी, गाडी सुरू होते का हे बघण्याच्या घाईत आवळले जातात. म्हणून गळती शोधताना पहिला प्रश्न असतो तो हात कुठे कुठे लागला याचा. जो सांधा उघडलाच गेला नव्हता, त्याची पाळी सगळ्यात शेवटी येते.

दुसरे इंजिन गाडीत दोन तऱ्हांनी येते आणि गळती किती होणार हे बरेचसे तिथेच ठरते. मोठ्या ताफ्यांच्या कार्यशाळांत पूर्ण असेंब्ली बदलतात. डिझेल पंप, फीड पंप, फिल्टर, नोझल आणि त्यांचे पाईप यांसह तयार झालेले, बाहेर चालवून पाहिलेले इंजिन गाडीत बसते. गाडीवर जोडायचे सांधे दोनच उरतात, एक डिझेल येण्याचा आणि एक परत जाण्याचा. राज्य परिवहन महामंडळांसारख्या संस्थांना ही रीत परवडते, कारण त्यांच्याकडे एकाच जातीच्या गाड्या शेकड्यांनी असतात.  

एक-दोन गाड्या असलेल्या मालकाची गोष्ट निराळी. त्याला मिळते ते बहुधा हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन आणि लाइनर. हेड कधी सोबत येते, कधी जुनेच फेसिंग करून बसवतात. पंप, फिल्टर, नोझल, पाईप हे सगळे जुन्या इंजिनावरून उतरवून नव्यावर चढते. हैदराबादेत अशी मोठी कामे विजयवाडा रस्त्यावरच्या ऑटोनगरात होतात आणि सुटे भाग पुष्कळदा सिकंदराबादच्या राणीगंज बाजारातून येतात. शाळा-कॉलेजांच्या नारायणगुड्यासारख्या दाट वस्तीत गाठ पडते ती विद्यार्थ्यांच्या बसगाड्यांशी आणि टाटा ४०७ सारख्या हलक्या ट्रकांशी. अशी गाडी इंजिन बदलून परत येते, रात्री गल्लीत उभी राहते आणि सकाळी तिच्याखाली हाताच्या पंज्याएवढा काळा ओला डाग असतो. तो डाग कुठून आला हे शोधण्याची रीत ४०७ ला जी, तीच दहा चाकी ट्रकला.

बसवलेले इंजिन मूळच्याच जातीचे असेल तर पाईप निदान आपापल्या जागी पोहोचतात. जात बदलली की अडचण वाढते. टाटांची टेल्को कंपनी आणि डायम्लर-बेंझ यांचा करार १९५४ चा. त्या घराण्यातली ६९२ आणि ६९७ ही सहा सिलिंडरांची इंजिने भारतीय रस्त्यांवर अनेक दशके चालली. नावातला पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरचे मिलिमीटर; ६९७ चे आकारमान ५.६७५ लिटर. पुढे १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी झाली आणि ५.९ लिटरचे ६बीटी इंजिन आले. जुन्या चेसिसवर निराळ्या घराण्याचे इंजिन चढवले की पंपाची जागा, माउंटिंगची उंची, फिल्टरचे तोंड सगळे हलते. चेसिसवरचा लोखंडी पाईप चार बोटे तोकडा पडतो, मग मध्ये रबरी होजचा तुकडा घालतात, आणि एका सांध्याचे दोन सांधे होतात.

ही अडचण नवी नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत डॉज, फार्गो, बेडफर्ड अशा पेट्रोल ट्रकांवर पर्किन्सचे पी-६ डिझेल इंजिन बसवण्याची मोठी लाट होती. कार्बोरेटरच्या पेट्रोल इंजिनाला टाकीकडे परतीचा पाईप लागत नाही, त्यामुळे त्या टाक्यांना परतीचे तोंडच नव्हते. डिझेल पंपातून आणि नोझलमधून उरलेले डिझेल परत नेण्यासाठी टाकीला भोक पाडावे लागे किंवा परतीचा पाईप येणाऱ्या पाईपला टी लावून जोडावा लागे. आजही जिथे परतीच्या वाटेचा विचार मागाहून होतो, तिथेच गळती हमखास सापडते.

आट्यांचा घोळ हा याच गोष्टीचा दुसरा भाग. जर्मन वंशाच्या इंजिनांचे आटे मेट्रिक, तर जुन्या लेलँड आणि पर्किन्सचे ब्रिटिश मापाचे. मिस्त्री दखनीत ज्याला चुडी म्हणतो, ती डोळ्यांना सारखी दिसते पण सारखी नसते. एक-अष्टमांश इंची बीएसपी आट्याचा बाहेरचा व्यास ९.७३ मिलिमीटर आणि इंचात २८ आटे, म्हणजे एका आट्याला ०.९१ मिलिमीटर, एम १० चा बारीक आटा १० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर अंतराचा. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे सहज जातो, मग जड होतो, आणि पाना लावल्यावर घट्ट झाल्यासारखा वाटतो. असा सांधा पहिल्या दिवशी कोरडा राहतो आणि तिसऱ्या दिवशी पाझरतो. जो बोल्ट बोटांनी निम्म्याहून जास्त आत जात नाही, त्याला पाना लावू नये. तो काढून आटे मोजावेत, किंवा लेथवाल्याकडच्या गेजने तपासून घ्यावेत.

शोधाला हात घालण्यापूर्वी डिझेलची वाट समजून घ्यावी लागते, कारण तिच्या प्रत्येक टप्प्यात दाब निराळा असतो आणि गळतीची चाल दाबावरून ओळखू येते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. इथे दाब हवेपेक्षा कमी असतो. फीड पंपापासून फिल्टरमधून डिझेल पंपाच्या गॅलरीपर्यंत ते ढकलले जाते. इनलाइन पंपाच्या इंजिनांत हा दाब साधारण एक ते दोन बार असतो. डिझेल पंपापासून नोझलपर्यंत दाब एकदम चढतो. जुन्या इंजिनांचे नोझल १८० ते २५० बारच्या आसपास उघडतात आणि पाईपमधला कमाल दाब त्याहून पुष्कळ वर जातो. शेवटचा टप्पा परतीचा, त्यात जवळपास दाब नसतोच.

यावरून गळती केव्हा दिसते हा सर्वात मोलाचा पुरावा ठरतो, आणि गाडी गॅरेजात नेण्याआधी चालक तो फुकटात गोळा करू शकतो. इंजिन चालू असतानाच ओल येते आणि बंद केल्यावर थांबते, तर दोष फीड पंपाच्या पुढच्या भागात आहे. इंजिन चालू असताना सगळे कोरडे, पण रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडतो, तर टाकीच्या पातळीखाली असलेला ओढीच्या बाजूचा सांधा संशयित. टाकी पूर्ण भरलेली असतानाच गळते आणि अर्धी झाली की थांबते, तर टाकीचा वरचा भाग, गेजच्या फ्लोटची पट्टी किंवा परतीचे तोंड बघावे. काहीच गळत नाही, पण सकाळी गाडी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही आणि हँड प्रायमर दाबला की लगेच सुरू होते, तर तीही गळतीच. फक्त डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आहे. गॅरेजात तिला एअर धरणे म्हणतात आणि पुष्कळदा तिचा संबंध गळतीशी जोडत नाहीत. ओढीच्या बाजूचा एकच ढिला होज दिवसा हवा घेतो आणि रात्री डिझेल सोडतो. हे कळले तर दोन तक्रारींवर दोनदा खर्च होत नाही.

पाना हातात घेण्याआधी पुसणे, ही या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची आणि सर्वात टाळली जाणारी पायरी आहे. डिझेल पातळ असते आणि त्याचा पृष्ठताण कमी असतो. ते धातूवरून पसरत जाते, पाईपच्या खालच्या कडेने हातभर अंतर कापते आणि जिथे उतार संपतो तिथे थेंब सोडते. रेडिएटरचा पंखा तेच डिझेल मागे उडवतो. म्हणून थेंब पडतो ती जागा उगमाची नसते; उगम तिच्या वर आणि पुढे असतो. ओल्या इंजिनावर दिसेल तो नट आवळत सुटले की चांगले सांधेही बिघडतात. इंजिन थंड असताना वायरिंग, सेल्फ आणि अल्टरनेटर झाकून घ्यावे, पंपाचा सगळा भाग ब्रशने धुऊन काढावा आणि सुक्या कापडाने, शक्यतर हलक्या हवेने कोरडा करावा. मग संशयित सांध्यांवर खडूची भुकटी किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. हँड प्रायमर मारून फीड पंपाच्या पुढचा कमी दाबाचा भाग आधी बघावा, इंजिन सुरू न करताच. तिथे कोरडे असेल तर इंजिन सुरू करून पाच मिनिटे मंद, मग थोड्या वरच्या फेऱ्यांवर चालवावे. पांढऱ्या भुकटीवर पहिला करडा ठिपका जिथे उमटतो, तोच उगम. टॉर्च आणि छोटा आरसा असेल तर पंपाच्या मागची, ब्लॉककडची बाजूही दिसते.

गळणारा द्रव डिझेलच आहे ना, हे ठरवण्यासाठी कोऱ्या कागदाचा तुकडा पुरतो. पाण्याचा डाग वाळून नाहीसा होतो. इंजिन ऑइलचा डाग मधोमध काळसर राहतो. डिझेल झपाट्याने पसरते आणि कागद पारदर्शक करून ठेवते. दोन वर्तुळे दिसली, आत काळे आणि बाहेर पारदर्शक, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळल्याची शंका घ्यावी.

उन्हाळ्यात आणखी एक फसगत होते. डिझेल तापले की फुगते, दर अंशाला साधारण दहा हजारात आठ भाग, म्हणजे ०.०८ टक्के. हैदराबादच्या मे महिन्यात पहाटे काठोकाठ भरलेल्या २०० लिटरच्या टाकीत दुपारपर्यंत १५ अंश वाढले, तर जवळपास अडीच लिटर डिझेलला जागा उरत नाही. ते झाकणातून येते. इंजिन त्याच आठवड्यात बदललेले असेल तर दोष नव्या कामावर जातो. टाकी काठापासून चार बोटे रिकामी ठेवून दुसऱ्या दिवशी बघणे एवढाच त्यावर उपाय. झाकणाचे हवेचे भोक मातीने बुजले असेल, तर उन्हात टाकीतला दाब वाढून कमजोर सांध्यातून डिझेल ढकलले जाते आणि गाडी चालताना उलट टाकी आक्रसू बघते.

प्रत्यक्ष सांध्यांत पहिला मान बँजो बोल्टच्या, म्हणजे पाईपच्या टोकाच्या कड्यातून जाणाऱ्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वायसरांचा. फीड पंप, फिल्टरचे माथे, डिझेल पंप आणि परतीचा पाईप या सगळ्या ठिकाणी बँजो असतात आणि प्रत्येकाला दोन वायसर लागतात, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक बँजोच्या पलीकडे. तांबे दाबाखाली सपाट होऊन खाचा भरते, म्हणूनच ते निवडलेले असते. पण दबलेले तांबे कडक होते आणि दुसऱ्यांदा तितके दबत नाही. जुने वायसर लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ होतात आणि अडचणीच्या वेळी तसे वापरणे गैर नाही. पण दुकानात मिळणारा नवा वायसर इतका स्वस्त असतो की इंजिन बदलायच्या कामात जुना लावण्याचे समर्थन होत नाही. दोनऐवजी एकच लावलेला, मापापेक्षा मोठ्या भोकाचा, किंवा खाली जुना वायसर चिकटलेला असतानाच वर नवा बसवलेला, या तीन चुका वरचेवर सापडतात. बँजोच्या बैठकीवर चरा पडला असेल तर कितीही आवळून तो सांधा कोरडा होत नाही. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बैठक घासावी लागते.

याच जातीची चूक फिल्टरवर होते. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग माथ्याच्या खाचेत चिकटून राहते, नवा फिल्टर स्वतःची रिंग घेऊन येतो आणि दोन रिंगा एकमेकींवर बसतात. इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे सगळे ठीक असते, मग एक रिंग सरकते आणि डिझेलची धार लागते. फिल्टरचा माथा ॲल्युमिनियमचा असतो. मधला बोल्ट लांब पान्याने आवळणारे हात त्याचे आटे ओढून काढतात, आणि मग माथाच बदलावा लागतो.

उच्च दाबाचे नोझल पाईप हे निराळेच प्रकरण आहे. त्यांच्या टोकाला गोलाकार उंचवटा असतो, तो ६० अंशांच्या शंकूत बसतो आणि धातूवर धातू दाबून सांधा बंद होतो. इथे वायसर नाही, रबर नाही. आटे फक्त दाब देतात, डिझेल अडवत नाहीत. त्यामुळे आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळणे व्यर्थ आहे, आणि टेपचा तुकडा नोझलच्या भोकापर्यंत गेला तर घातकही. पाईप शंकूत सरळ बसला नसताना नट ओढून आवळला की उंचवट्यावर एका बाजूला चर पडतो आणि तो पाईप कायमचा जातो. योग्य क्रम असा: सगळ्या पाईपांचे दोन्हीकडचे नट आधी बोटांनी लावावेत, पाईप कुठेही ताणलेला नाही हे बघावे, मग एकेक आवळावा. पंपाकडचा नट आवळताना खालचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. नाहीतर होल्डरच फिरतो, त्याखालचे सील सुटते आणि गळती पाईपमधून आहे असे वाटत राहते. एका सिलिंडरचा पाईप दुसऱ्याला वाकवून बसवणेही असेच महागात पडते. पाईपांना बांधून ठेवणाऱ्या, आत रबर असलेल्या पट्ट्या तर इंजिन बदलल्यावर बहुतेक वेळा डब्यातच राहतात. त्या नसल्या की पाईप थरथरतो आणि काही हजार किलोमीटरांत नटाजवळ केसाएवढी चीर पडते. इंजिन बदलल्यावर महिन्याभराने सुरू होणाऱ्या गळतीत या चिरेचा वाटा मोठा असतो.

इथे एक गोष्ट जिवाची आहे. उच्च दाबाच्या चिरेतून निघणारी फवार डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि ती कातडी भेदून आत जाते. ओल कुठून येते हे बोट फिरवून बघण्याची सवय गॅरेजांत सर्रास आहे. पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवावा. त्यावर डाग उमटतो. बोटात डिझेल शिरले तर वर फक्त टोचल्याएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण आत ऊती मरत जातात. अशा माणसाला पट्टी बांधून घरी पाठवू नये. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालचे डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

परतीची वाट दुर्लक्षित राहते. नोझलना जोडणारी कापडी वेष्टनाची बारीक नळी वर्षानुवर्षे उष्णतेत कडक झालेली असते. इंजिन उतरवताना ती उपटली की तोंडाशी फाटते. मीटरवर मिळणारी ही नळी नव्याने घालणेच शहाणपणाचे. त्याहून अवघड दोष म्हणजे येणारा आणि परतीचा पाईप उलटसुलट जोडले जाणे. चेसिसवर ते शेजारी शेजारी असतात आणि रंग उडाला की सारखे दिसतात. उलट जोडले तर टाकीतली परतीची आखूड नळी ओढीची होते, टाकी थोडी रिकामी झाली की हवा येते, आणि परतीच्या डिझेलला जाळीतून वाट काढावी लागते. परतीचा होज माउंटिंगखाली दबला असेल तरी हेच घडते: मागे दाब साचतो आणि आजवर कधी न गळलेले तीन-चार सांधे एकाच वेळी ओले होतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी गळती दिसली, तर प्रत्येक सांधा आवळण्याआधी परतीचा पाईप बाटलीत सोडून मोकळा वाहतो का ते बघावे.

ओढीच्या बाजूचा दोष पावडरीने सापडत नाही. फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा हातभर तुकडा जोडला आणि त्यातून बुडबुडे धावताना दिसले की दोष मागे आहे हे पक्के होते. मग पंपाची ओढ टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या डब्यात द्यावी. बुडबुडे थांबले तर चेसिसचा पाईप, होज किंवा टाकीतली नळी दोषी. चालूच राहिले तर पंप आणि त्याचा बँजो. अर्ध्या तासाच्या या चाचणीने अर्धी गाडी संशयातून मोकळी होते, आणि तरीही ती क्वचितच केली जाते. पाईपमध्ये हवा भरून साबणाच्या फेसाने तपासायचे असेल तर पाईप टाकीपासून सोडवून, अर्ध्या बारच्या आतच हवा द्यावी. कॉम्प्रेसरची पूर्ण हवा टाकीत सोडणे धोक्याचे आहे.

रबर हा काळाशी बांधलेला विषय आहे. ऑटोनगरात दोन-तीन वर्षे कोरडे पडून असलेल्या पंपाची सीले आकसतात, भेगाळतात, आणि डिझेल लागल्यावर काही परत फुलतात, काही नाही. त्यात इंधनही बदलले आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषण-मानके लागू झाली. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली. गंधक काढताना डिझेलमधले ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. जुने नायट्राइल रबर याच घटकांनी फुगून सांधा भरून धरत असे. घटक कमी झाले की रबर आकसते. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांच्या सीलांतून गळती झाल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. म्हणून साठवणीतले जुने पंप नव्या इंजिनावर चढवण्याआधी डिझेल पंपाच्या मिस्त्रीकडून सील-किट बदलून आणि बेंचवर तपासून घेणे हा वायफळ खर्च नाही. होजच्या बाबतीत मापाची चूक जास्त होते: ८ मिलिमीटरच्या पाईपवर १० चा होज चढवून क्लिपने चिरडला की क्लिपजवळ घडी पडते आणि त्या घडीतून डिझेल वाट काढते.

एक गळती बाहेर दिसतच नाही. इंजिनवरच्या लिफ्ट पंपाचा पडदा फाटला, फीड पंपाची दांडी झिजली, किंवा ज्या डिझेल पंपाला इंजिनाचेच ऑइल मिळते त्याची प्लंजरे गळू लागली, की डिझेल सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते, त्याला डिझेलचा वास येतो आणि बोटांत ते पाण्यासारखे वाटते. वाढलेली पातळी पाहून समाधान मानणारे चालक आहेत. पातळ ऑइलवर नव्या इंजिनाची बेअरिंगे काही दिवसांत जातात. अशी गाडी चालवू नये. दोष काढून ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत.

रस्त्यावरचे तात्पुरते उपाय वेगळे मोजावे लागतात. टाकीच्या जोडातून गळत असेल तर चालक कपडे धुण्याचा साबण घासून भरतात. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ही युक्ती गाव गाठेपर्यंत खरोखर टिकते आणि तेवढ्यापुरती ती उत्तम आहे. एम-सील मात्र स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागालाच धरते, आणि थरथरणाऱ्या पाईपवर त्याचा गोळा थोड्याच दिवसांत सुटतो. शिवाय खालचा दोष झाकतो. टाकीला वेल्डिंग करायचे असेल तर ती उतरवून, धुऊन, पाण्याने भरूनच करावे. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या डिझेलहून अधिक स्फोटक असते.

आगीचा धोका डिझेलला कमी असतो हे अर्धसत्य आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो. दक्षिणेतल्या उन्हाळी दुपारी इंजिनखोलीचे तापमान त्याच्या पुष्कळ वर असते. टर्बो आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड घाटात डिझेल आपोआप पेटेल इतके तापतात. म्हणून सायलेन्सरच्या बाजूची, सेल्फजवळची किंवा अल्टरनेटरवर पडणारी गळती थेंबभर असली तरी गाडी उभी करावी.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनांत या सगळ्यात एक मोठा फरक पडतो. रेलमधला दाब १६०० बार आणि त्याहून वर जातो. जुन्या इंजिनाची एअर नोझलचा नट ढिला करून काढतात. इथे चालू इंजिनावर नट सैल करणे प्राणघातक आहे. बंद केल्यावरही कंपनीने सांगितलेला वेळ थांबून मगच पाना लावावा. पुष्कळ कंपन्या एकदा उघडलेला उच्च दाबाचा पाईप पुन्हा न वापरता नवा घालायला सांगतात, कारण त्याचा उंचवटा एकाच शंकूशी जुळून बसलेला असतो. बारीक गळतीवर रेलचा दाब पडतो, संगणक ते नोंदवतो आणि गाडीची ताकद कमी करतो. स्कॅनरवर दिसणारा दाब हाच इथला खडू.

गळती बंद झाली हे ठरवायलाही दोन वेळा बघावे लागते. पहिल्यांदा रात्रभर: गाडी सपाट जागी, पंपाखाली आणि टाकीखाली कोरा पुठ्ठा. दुसऱ्यांदा भार घेऊन, शंभरेक किलोमीटरांनंतर, म्हणजे सोलापूर रस्त्याने हैदराबादहून निघालेल्या गाडीला जहीराबादच्या आसपास. इंजिन माउंटिंगच्या रबरांवर डुलत असते आणि चेसिस वेगळ्या तालात. या दोघांमधला होज कुठे घासतो हे उभ्या गाडीत कळत नाही. नवे तांब्याचे वायसर तापून थंड झाले की किंचित बसतात, म्हणून इंजिन गार झाल्यावर बँजो एकदा हलक्या हाताने तपासावेत. नोझल पाईप कोरडे असतील तर त्यांना पुन्हा पाना लावू नये. याच फेरीत इंजिनाचा क्रमांकही डोळ्याखालून जातो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीतले असे बदल नोंदणी अधिकाऱ्यापर्यंत जावे लागतात. नोंदणी पुस्तकात जुना क्रमांक आणि ब्लॉकवर नवा राहिला, तर फिटनेसच्या तपासणीत किंवा आगीनंतरच्या विम्याच्या दाव्यात तो फरक पुढे येतो.